अस्वलाच्या पोटातली गोष्ट

प्रिय चिमणे,

खट्, मग घर्रर्र, मग जबडा मिटल्याचा टपकन आवाज. तुझ्या त्या गोष्टीवेल्हाळ खेळण्यातल्या अस्वलाचा हा आवाज परवा मला भरदुपारी ऐकू आला. अस्वल माळ्यावरच्या पेटीत, सेल कधीचेच काढलेले. म्हणजे आवाज माझ्याच डोक्यातला. तरी भरल्या ताटावरून उठलो.

तुला आठवतं? पाठीत कॅसेट घातली की ते डोळे मिचकावत, तोंड हलवत गोष्ट सांगायचं आणि तू त्याला आपल्या वाटीतला घास भरवायचीस. तुझी आई हॉस्पिटलात जायला निघाली तेव्हा म्हणाली, "मी येईपर्यंत हाच सांगेल गोष्ट." साध्या कोऱ्या कॅसेटवर तिने स्वतःच्या आवाजात गोष्ट भरली. मी मध्येच शाळेतली कविता चालीवर म्हणू लागलो, तर हसत म्हणाली, "कविराज, तुम्ही भांडी घासा, टेप संपेल!" आम्हाला कुठे ठाऊक, की विकतच्या कॅसेटमध्ये आवाजाशेजारी तोंड हलवणारे इशारेही भरलेले असतात! ती दाखल झाली त्या संध्याकाळी बटण दाबलं. अस्वल डोळे टक्क उघडे ठेवून बसलेलं, तोंड घट्ट मिटलेलं, आणि आतून आईचा आवाज. तू किंचाळलीस, "बाबा, याने आईला गिळलं!" मी घाईघाईने बंद केलं. आई परत आली नाही, आणि ती कॅसेट पुन्हा लावायची माझी छाती झाली नाही.

चिमणे, चौथीतल्या कविता मला अजून चालीसकट पाठ आहेत. पण तिचा आवाज? किती दिवस आठवून पाहतोय. तिचे शब्द येतात, पण माझ्याच आवाजात.

म्हणून अस्वल त्या कॅसेटसकट कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे दिलंय. तो म्हणतो, "आजोबा, फीत पार ठिसूळ झालीय. चालली तर एकदाच. तेव्हाच मोबाईलवर उतरवून घेऊ. तुटली तर माझ्या नावाने खडे फोडू नका." रविवारी घरी येऊन लावणार आहे, तोवर बटणाला हात लावू नकोस असं मी त्याला बजावलंय. तू ये. फीत तुटण्याची भीती आहेच. त्याहून मोठी भीती ही, की ती नीट चालेल आणि तो आवाज मला परक्या बाईचा वाटेल. तेव्हा तू शेजारी हवीस. तूच सांग मला, की ही तीच.

तुझाच,
बाबा

ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं. दुरुस्तीवाला. आज तर गुरुवार. अस्वल त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलंय, आणि मान खाली आहे. बेल पुन्हा वाजतेय. मी अजून कडी काढलेली नाही.