मोय मंडळींचं मूळ गाव

तीर्थस्वरूप विष्णूदादास,

सांता क्लाराहून अतुलचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का, की अजून वहिनीच चहा वर आणून देतात? आम्ही इकडे ठणठणीत आहोत. (व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिलं असतं, पण घरच्या ग्रुपवर नीना आहे आणि प्रकरण तिचंच आहे. सरलाची मैत्रीण प्रीता अलिबागला येतेय, तिच्या हाती हे पत्र देतोय.)

तर, आपल्या नीनाने लग्न ठरवलं. मुलगा डेरेक मोय, तिच्या ऑफिसातला, जन्म इथलाच, अमेरिकेतला, घराणं चिनी. मुलगा गुणी आहे, सरलाच्या हातची सोलकढी मागून पितो. पण लेक द्यायची म्हणजे चौकशी नको का? आणि चौकशी म्हटली की पहिला प्रश्न मूळ गाव कुठलं हाच. मोय मंडळींनी जेवायला बोलावलं तेव्हा मी तो विचारला. डेरेक म्हणाला तायशान. त्याचे वडील म्हणाले टॉयसान. आजीबाई म्हणाल्या होयसान. आणि भिंतीवर पणजोबांचा फोटो, त्याखाली लिहिलेलं सन्निंग! एका घरात चार गावं म्हटल्यावर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही माणसं एवढी गावं बदलत का फिरली, कोणाला तोंड चुकवत होती, असं मी जरा खोदून विचारलं. (नीना टेबलाखालून लाथा मारत होती. 'बाबा, प्लीज स्टॉप' हे ती इंग्रजीत म्हणते तेव्हा थांबायचं असतं, हे मला नंतर आठवतं.)

आजीबाईंनी सगळं सांगितलं, डेरेक इंग्रजी करून देत होता. गाव कसलं, समुद्रकाठचा अख्खा तालुका, आणि तो एकच. जुनं नाव सन्निंग. त्याच नावाचे आणखी तालुके चीनमध्ये निघाले, म्हणून १९१४ साली नाव बदललं. नव्या नावाला कँटनची माणसं म्हणतात टॉयसान, खुद्द तिथली म्हणतात होयसान आणि सरकारी भाषेत ते तायशान. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी ज्याच्या तोंडून ऐकलं तसं लिहिलं. मी अगदी खजील झालो.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण आजीबाईंनी विचारलं, आता तुमचं सांगा. नीनाने त्यांना आधीच मुंबई सांगितलं होतं. सरला म्हणाली अलिबाग. मी म्हणालो रेवदंडा. डेरेकने हौसेने सांगितलं की यांचं आडनाव चौलकर, म्हणजे हे चौलचे. वर मी शहाण्याने खुलासा केला की जिल्हा आता रायगड, पण बाबांच्या वेळी कुलाबा होता. आजीबाईंनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. खात्री होईपर्यंत होकार नाही म्हणाल्या. आणि आजी हो म्हणाल्याशिवाय डेरेक पुढे पाऊल टाकणार नाही.

तेव्हापासून नीना माझ्याशी बोलत नाही. कॉफीचा मग समोर ठेवते आणि निघून जाते. दादा, मला हे सहन होत नाही रे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अतुल

ता. क. खरं काम हे. पुढच्या रविवारी आजीबाई तुला व्हिडिओ कॉल करणार आहेत. कृपा करून एकच गाव सांग, रेवदंडा. वहिनींचं माहेर चौलचं, त्यांना त्या वेळी देवळात पाठव. आणि फोन गच्चीवर ने. घरातून समुद्र दिसतो का, हे आजीबाईंनी मला दोनदा विचारलंय.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच नीना डेरेकला घेऊन आली. आजीबाई होकार देतीलच असं धरून पोरांनी लग्नपत्रिकेचा मजकूरही तयार केलाय. त्यात दोघांचंही मूळ गाव सांता क्लारा! डेरेकने माझ्यासमोरच फोन स्पीकरवर टाकून आजीबाईंना वाचून दाखवलं. त्या होयसानच्या बोलीत आणि मी मराठीत, दोघंही एकदमच ओरडलो, हे चालणार नाही. मग आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, त्या अतुलला माझ्या शेजारी बसवा, आम्ही दोघं मिळून लिहू. नीना माझ्या गळ्यातच पडली.

तरी रविवारी फोन उचल. त्यांना समुद्र बघायचाय.