सेपाच्या हातातली माळ

९ जानेवारी
पोहोचले एकदाची! मनिलाहून ट्रकमध्ये बसून कंबर मोडली, पण एकही बशी फुटली नाही. प्रभूची कृपा. धाकट्याने समुद्राकाठी बोलावलं होतं. तिथे सावलीला झाड नाही आणि सुनेच्या स्वयंपाकघरात मला जागा नाही. इथे मागे झरा, परसात फणस, डोंगर तर खिडकीत येऊन बसल्यासारखा. आणि लेकीचं, लिगायाचं, घर हाकेच्या अंतरावर, मधे फक्त एक घर. ह्यांच्या आजारपणात माझ्या अंगातलं सगळं संपलं. आता नातीला, बिनिंगला, मांडीवर घ्यायचं आणि स्वस्थ बसायचं.

त्या मधल्या घरातली सेपा नेच्याचे कोवळे कोंब घेऊन भेटायला आली. सत्तरीची, पांढरे केस पार कमरेखाली. म्हणाली की शहरातली माणसं हे गवत समजून फेकतात, पण तू काही फेकणाऱ्यातली दिसत नाहीस! मी कोंबांबरोबर तिची टोपलीही ठेवून घेतली, तशी पोट धरून हसली.

१७ जानेवारी
घर लागलं. भाजी विकत आणावी लागत नाही, भोपळ्याचे वेल कुंपणावर आपोआप येतात. दुपारी सेपा बिनिंगला पुढ्यात बसवून खोबरेल लावते, विंचरते. मी म्हटलं, पोरीला जरा आईकडेही राहू दे. तर म्हणाली की तुझी माणसं अंगणात आहेत बाई, माझी कॅनडात, फोनच्या काचेमागे. मला एवढं उसनं घेऊ दे.

मला इथे झोप छान लागते. तरी थकवा जात नाही.

२९ जानेवारी
सेपा गेली. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, हातात कंगवा. बिनिंग पायाशी बसून वाट बघत होती, की आजी पुढची वेणी कधी घालणार.

मुलांना येणं जमणार नाही. समोर राहणारा तिचा भाऊ आंबो शवपेटी करतो आहे. जागरणाची प्रार्थना माझ्याकडे आली, कारण मला सगळी पाठ आहे. सेपाची जपमाळ प्लॅस्टिकची होती, तीही तुटकी. मी माझी काळ्या लाकडाची तिच्या बोटांत गुंफली. ह्यांनी यात्रेहून आणलेली. एका मण्याचा टवका उडालाय, पण माळ पवित्र केलेली आहे.

२ फेब्रुवारी
पुरलं. पेटी बंद करण्याआधी बायांनी माझ्या हातात कात्री दिली. मेलेल्याच्या हातातली माळ कापायची, म्हणजे त्या मरणामागे घरातलं दुसरं मरण ओवलं जात नाही. मनिलातही करतात. मला कधीच पटलं नाही. फादरांनी पाणी शिंपडलेली वस्तू कापायची? आणि ह्यांची माळ?

मी सगळ्यांकडे पाठ केली, माळ तिच्या बाहीत सरकवली आणि कात्री हवेत वाजवली. कुणाला कळलं नाही. फक्त लिगाया जवळ होती, तिने पाहिलं. वाटेत म्हणाली की आई, कापली असतीस तर काय गेलं असतं? मी म्हटलं, प्रभू मोठा की कात्री? ती चिडली. म्हणाली की बरं बाई, तुला पेटीत ठेवताना तुझीही नाही कापणार, झालं समाधान? मी म्हटलं, शपथ घे. तिने घेतली.

१० फेब्रुवारी
सेपाला पुरल्यापासूनच्या नवव्या दिवसाची प्रार्थना झाली, लगेच जेवणं. आंबो भाताचा घास हातात धरून तसाच कलंडला, गेला. धडधाकट माणूस, सकाळी लाकडं फोडत होता.

बायांनी एकमेकींना विचारलं की माळ कापली होती ना? मग माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

प्रार्थनेच्या घरात खोटं बोलले.

१५ फेब्रुवारी
बिनिंगला ताप. खेळता खेळता मुठीत एक काळा मणी. कुठून आणला विचारलं तर म्हणाली की सेपाआजीने दिला, केस विंचरून झाले म्हणून. लिगायाने हसून तिला जवळ घेतलं. मी मणी खिडकीपाशी नेऊन पाहिला.

टवका उडालेला आहे.

१८ फेब्रुवारी
आणखी मणी. पोर दुपारी झोपते आणि उठते ती तेल लावून, वेणी घालून. लिगायाला वाटतं मी घालते. मला वाटायचं ती घालते. सगळी खोली खोबरेलाच्या वासाने—

फादरांकडे गेले. माळ कापायला थडगं उघडायचं म्हटलं तर म्हणाले की तुम्ही फार दमला आहात, आराम करा. सगळेच म्हणतात. कुणी सांगत नाही कसा.

मी लिगायाला माळेची आठवण करून दिली नाही. तिला सगळं माहीत आहे आणि सुचत नाही, किंवा सुचलं आहे आणि म्हणून ती माझ्याशी बोलत नाही.

२१ फेब्रुवारी
ताप उतरत नाही. डॉक्टर येऊन गेला. मणी आता सुटे नाहीत. बिनिंग पलंगावर बसून ओवते. दोरा म्हणून लांब पांढरा केस.

मी ओढून पाहिला. तुटत नाही. कात्री लावली— कात्री बोथट झाली.

बिनिंग म्हणते की सेपाआजी एकटी आहे, आजीला माणसं जवळ हवीत.

मलाही तेच हवं होतं. म्हणून तर आले.

२३ फेब्रुवारी
आज माळेचा क्रूस आला.

माळ पुरी झाली. बिनिंगच्या मनगटाभोवती. ओठ निळसर. लिगाया गाडी बघायला धावली आहे. दुपार आहे, लख्ख ऊन, डोंगर इतका हिरवा—

खुर्ची ओढल्याचा आवाज. पोरीच्या डोक्यामागे लांब पांढरे केस—

मी म्हटलं, सेपा, ती लहान आहे. माळ माझी आहे. माझ्या घरची आहे. मला घे, मी तशीही दमले आहे. तुला सोबत होईल.

माळ सैल झाली. मी ती हळूच बिनिंगच्या हातातून काढली, माझ्या हातात घातली.

बिनिंगने पाणी मागितलं. अंग गार. घाम फुटला तिला. देवा, तुझे उपकार—

थंड बोटं माझ्या केसांत. अगदी हलक्या हाताने. खूप दिवसांनी कुणी—

डोळे मिटतायत. थांब सेपा, एक ओळ.

लिगाया, ती शपथ मोड. मला ठेवशील तेव्हा हातातली माळ, मी काहीही म्हटलं होतं तरी, आधी का—