तांदळाच्या डब्यावरची जागा

प्रिय दादा,

आज भर दुपारी, तुझ्या नाहूरच्या घरी, तुझ्या खुर्चीत बसून मी तुझं यान फोडलं. पुरती दोन मिनिटंही टिकलं नाही बिचारं. ही बातमी तुला त्या नितीनकडून कळण्याआधी मी स्वतः कळवावी, म्हणून बोरिवलीला पोचल्या पोचल्या, पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता लिहायला बसले आहे. त्याचा काही भरवसा नाही. इतकी वर्षं तुझ्या कानाशी तोच बसलेला होता ना?

जळतेय का मी? हो. लपवत नाही. लोकांवर टवाळीचे लेख लिहून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःच्या बाबतीत तेवढं तरी खरं बोलता आलं पाहिजे.

सुरुवात तुझ्या तेराव्याला झाली. पंगत उठत होती. मी पाण्याचा जग घेऊन फिरत होते. वहिनी म्हणाली, "हा नितीन. ह्यांच्या ऑफिसातला." चाळिशीचा गडी, केस मागे हटलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. असल्या माणसांवर मी महिन्याला एक लेख पाडते. त्याचे डोळे भरले होते. मला म्हणाला, "ताई, शनिवारी दुपार झाली की अजून कानात येतं. दादा ओरडतायत, 'कडी घाल रे! कडी घाल!'"

जग माझ्या हातातच राहिला. पहिली गोष्ट, तुला 'दादा' म्हणायची परवानगी याला दिली कुणी? आणि दुसरी, कडी घाल? रे?

तू शोधलेला शब्द तुलाच समजावून सांगायचा म्हणजे कमाल आहे. पण सांगते. कारण तो कुणासाठी होता हे तू विसरलास, असा माझा तुझ्यावर आरोप आहे.

विक्रोळीची आपली खोली आठव. तू घाटकोपरच्या क्लासमध्ये शिकवायला लागलास आणि तिथला मोडीत निघालेला कॉम्प्युटर उचलून घरी आणलास. केबलवर ती अंतराळातली मालिका लागायची, दूरच्या ताऱ्यांवर गस्त घालणाऱ्या यानाची. इंग्रजी निम्मं कळायचं, उरलेलं आपण आपल्या मनाने भरायचो. बाबा जेवता जेवता बघायचे आणि विचारायचे, "ह्यांका पगार कोण देता?" कप्तान दिसला की गिरणीतल्या मुकादमावरची, जॉबरवरची, जुनी आग उसळायची. "हो आमच्या जॉबरासारखो! बसान नुसते हुकूम सोडता!"

मग त्याच मालिकेवरचा गेम तू फूटपाथवरून आणलास. कॉपी केलेली सीडी, वर स्केचपेनने लिहिलेलं नाव. गेम खरं तर एकाच माणसाने खेळायचा. पण एकाने खेळायचं आणि दुसऱ्याने बघायचं हे आपल्या घरात जमणारं नव्हतं. म्हणून तू कीबोर्ड वाटून घेतलास. डावी बाजू तुझी : यान चालवणं, गोळ्या झाडणं. उजवीकडचे आकडे माझे : यानाभोवतीचं कवच, आणि हल्ला कुठल्या बाजूने ते बघणं. पुढून हल्ला आला तर आठ, मागून आला तर दोन, बाजूंनी चार आणि सहा. कवच चढवलं की यानाची बॅटरी संपायची, म्हणून तुझा नियम होता, कप्तानाने हुकूम दिल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही. हुकूम काय? तर आई रोज दिवेलागणीला आपल्याला जे सांगायची तेच. "कडी घाल गो, बाय!"

एकदा तू इतक्या जोरात ओरडलास की आईने घाबरून खरंच दाराला कडी घातली. बाबा सेकंड शिफ्टवरून येऊन बाहेर दार बडवतायत आणि आपण दोघं एकमेकांना सांगतोय, काय जबरदस्त आवाज आहे रे या गेमचा!

घरात खुर्ची एक. ती कप्तानाची, हे सांगायला नको. माझं आसन म्हणजे आईचा तांदळाचा पत्र्याचा डबा. आईला तांदूळ हवे झाले की मी उठायची, आणि मी उठले की शत्रू नेमका मागून यायचा. महिनाअखेर डबा हलका झाला की माझ्याखाली डगमगायचा, हात चुकायचा आणि आपण हरायचो. महिन्याच्या सुरुवातीला आपल्यासारखं गस्तीपथक अख्ख्या आकाशगंगेत नव्हतं!

शेवटचा टप्पा तेवढा कधी झाला नाही. जांभळ्या ढगात एक जहाज अडकलेलं असतं, ते बाहेर काढायचं. ढगाच्या तोंडाशी गेलं की आपली सीडी घरघरायची आणि सगळं गोठायचं. तू स्क्रीनकडे बघत म्हणायचास, "एक दिवस ओरिजिनल सीडी आणू गो. मग बघू ह्या ढगाकडे." आणली नाहीस. माझं लग्न झालं, कॉम्प्युटर भंगारात गेला, आई-बाबांच्या मागे खोली गेली. मी बोरिवलीला, तू नाहूरला. मध्ये फक्त एक डोंगर, पण मुंबईत तेवढा पुरतो.

आता माझं म्हणणं ऐक. तेराव्यानंतर वहिनीला मी साळसूदपणे विचारलं, हा नितीन शनिवारी यायचा कशाला गं? ती म्हणाली, "अहो, गेम खेळायला! त्याने तो जुना गेम कुठून तरी विकत घेतला, लॅपटॉपवर बसवला. कित्येक वर्षं चाललंय. मी भजी तळायची आणि हे दोघं दार लोटून ओरडत बसायचे."

कित्येक वर्षं!

आणि मला पत्ता नाही. भाऊबीजेला तू समोर बसून माझ्याशी काय बोलायचास? तर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल. तासभर! पोटात एवढं मोठं यान लपवून माणूस पाण्याच्या टाकीवर बोलतो?

"मला का नाही बोलावलं?" मी विचारलं. वहिनी म्हणाली, "रागावू नका. ते म्हणायचे, बाय येईल, बघेल, हसेल आणि रविवारी पेपरात छापेल. दोन घोडे, चाळिशी-पन्नाशीला आले तरी खोट्या यानात बसून बोंबलतायत."

दादा, छापलं असतं! का नाही छापणार? झकास विषय आहे. पण नाव बदलून छापलं असतं. आणि आधी खेळले असते, मग छापलं असतं. एवढं तुला कळू नये?

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. "लॅपटॉपचं काय करू? नितीनला देऊ की तुम्हाला? शनिवारी दोघंही या आणि ठरवा." मी गेले ती भांडायच्या तयारीने. रिक्षात वाक्यं तयार करून ठेवली होती. चांगली होती, धारदार. वाया गेली.

आत जाऊन बघते तर काय! लॅपटॉपला आकड्यांची बटणं नाहीत, म्हणून कवचासाठी वेगळा आकड्यांचा छोटा कीबोर्ड. आणि तुझ्या खुर्चीच्या उजवीकडे चाकांची खुर्ची. गोल फिरणारी, पाठीला जाळी, हात टेकायला गादी. वहिनी कौतुकाने म्हणाली, "नितीनची पाठ दुखायची ना, म्हणून ह्यांनी मुद्दाम आणली."

आणि माझी पाठ काय रबराची होती? मला पत्र्याचा डबा आणि याला जाळीची खुर्ची? यालाच म्हणतात का रे बढती?

नितीन उभाच होता. मला म्हणाला, "ताई, लॅपटॉप तुम्ही न्या. मी फक्त एक विचारतो. शेवटचा टप्पा तेवढा माझ्याबरोबर खेळाल?"

"जांभळा ढग? तो तुम्ही खेळला नाहीत?"

"दादांनी खेळू दिला असता तर ना!" तो एकदम चिडून बोलला. इतका वेळ गोगलगाय वाटणारा माणूस, पण आवाज चढला. "ताई, खरं सांगू? मला तुमचा जाम राग यायचा. कवच पडलं की दादा म्हणणार, बाय असती तर घातली असती. मी वेळेवर घातलं तरी म्हणणार, बाय याच्याआधी घालायची. मला तुमचा तो तांदळाचा डबासुद्धा पाठ आहे! महिनाअखेर डगमगायचा, बरोबर? आणि ढगापाशी आलो की गेम बंद. कितीदा हातापाया पडलो. 'तो टप्पा बायचो,' म्हणायचे. अहो, मग बोलवा ना बायला! तर म्हणे, येईल कधीतरी."

दादा, एक माणूस माझ्यावर वर्षानुवर्षं जळतोय हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की ते कुणाला सांगायची सोय नाही. तुला सांगते. श्रीखंड खाल्ल्यासारखं वाटलं.

पण लगेच दुसरं मनात आलं. येईल कधीतरी? बोरिवलीहून, आपोआप, मला स्वप्न पडून? माझ्यासाठी टप्पा राखून ठेवलास तर तसा एक फोन का नाही केलास? माझ्या जिभेला एवढा घाबरायचास? मग लहानपणी कशाला धार लावून दिलीस तिला?

असो. बसलो. नितीनने अदबीने मला तुझी खुर्ची दिली, "दादांच्या जागी तुम्हीच." तो त्याच्या जाळीवर. वहिनी दारात उभी. ढग आला. या वेळी काही गोठलं नाही. जांभळं, दाट, आणि आत कुठे तरी त्या अडकलेल्या जहाजाचा दिवा लुकलुकतोय. मी पुढे वाकून बघतेय, तर तेवढ्यात हल्ला.

आणि तेव्हा मला कळलं की तुझ्या जागेवरून काहीच दिसत नाही! तू हे कधी बोलला नाहीस. नजर समोरून हलवायची सोय नाही. कवचाचे चार दिवे खाली कोपऱ्यात, ते बघायला गेलं तर यान धडकतं. मला आपलं डब्यावर बसून वाटायचं, मजा आहे कप्तानाची, जॉबरसारखा बसून हुकूम सोडतोय. तू तर आंधळा बसायचास. उजवीकडे कुणीतरी आहे एवढ्याच भरवशावर.

"ताई, मागून!" नितीन ओरडला. "म्हणा ना!"

त्याचं बोट 'दोन'वर तयार. पण दाबलं नाही. तुझा नियम, हुकुमाशिवाय हात लावायचा नाही. मी तोंड उघडलं. कडी... आणि पुढे निघेना, दादा. तो शब्द मी आयुष्यभर ऐकला होता, कधी कुणाला म्हटला नव्हता. आणि याला म्हणायचा? याच्या स्वाधीन करायचा? माझा?

"ताई, म्हणा लवकर!"

यान फुटलं. अख्खा स्क्रीन पांढरा.

वहिनी दारातून म्हणाली, "तुमच्या दादाचं एवढ्या लवकर कधी नाही हो फुटलं." नितीनने डोक्याला हात लावला, मग हसायला लागला आणि मग मीही. तू असतास तर मला खुर्चीतून ढकलून दिलं असतंस.

तेव्हा आता ठरलंय ते ऐक. लॅपटॉप कुठे जाणार नाही, नाहूरलाच राहील. तुझ्या खुर्चीत नितीन बसेल. नको नको म्हणत होता, मी दम दिला. चाकांच्या खुर्चीवर वहिनी बसणार, इतकी वर्षं भजी तळून तिने काय घोडं मारलंय? आणि आईचा डबा माझ्याकडेच आहे, ओट्याखाली. पुढच्या शनिवारी तो काठोकाठ भरून, रिक्षात मांडीवर घेऊन, डोंगराला वळसा घालून आणणार आहे. उजवीकडे तो ठेवायचा. त्याच्यावर मी.

नितीनला आठवडाभर सराव करायला सांगितलाय. 'रे' म्हणाला तर मी ढिम्म हलणार नाही. 'कडी घाल गो' असं, पोटातून, तुझ्यासारखं ओरडता आलं पाहिजे. आणि पहिल्या खेपेला ओरडला तरी मी जरा उशिराच घालणार आहे. एवढा हक्क मला आहे. त्यानंतर मात्र तुझी शपथ, ते जहाज ढगातून बाहेर येईपर्यंत आकड्यांवरचा हात काढणार नाही. आईने तांदूळ मागितले तरी उठणार नाही.

आणि हे छापणार नाही, असं वचन काही देत नाही. फार तर नितीनचं नाव बदलेन.

डब्यावरून,
तुझीच
बाय