झाडलोटीचं सोनं

अण्णा, तुमची सोन्याची गोळी मी भाड्याच्या घराच्या बागेत पुरली आणि ती मला परत सापडली नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, आता तरी हे सरळ सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. नेदरलँड्सला निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला आपल्या सोनारीच्या दुकानात बोलावलंत. शेगडी विझलेली होती. रुमालाची गाठ सोडून तुम्ही ती माझ्या हातावर ठेवलीत. वाटाण्याएवढी, एका बाजूनं जरा चपटी. म्हणालात, "तुझ्या झाडण्याचं आहे हे." शाळेत असल्यापासून संध्याकाळी दुकान झाडायचं काम माझं होतं. आईनं सकाळी झाडलेली धूळ दिवाळीच्या आधी झारेकरी विकत न्यायचा आणि धुवून तिच्यातले सोन्याचे कण काढायचा. माझी संध्याकाळची धूळ मात्र तुम्ही वेगळ्या डब्यात साठवलीत, परसात बसून स्वतः परातीत धुतलीत आणि निघालेले कण मुशीत आटवलेत. इतकी वर्षं मला याचा पत्ता नव्हता. मी नुसती "बरं" म्हणाले आणि पर्समध्ये टाकली. विमानाच्या तिकिटांच्या गडबडीत होते, दुसरं काही सुचलंच नाही.

तुम्ही मला एकदाच ओरडला आहात. मी दहा वर्षांची असेन. तुम्ही खूश व्हाल म्हणून मी झाडलेल्यातले केस, दोरे, कागदाचे कपटे वेचून गटारात टाकले आणि स्वच्छ धूळ तेवढी डब्यात भरली. तुम्ही हातातली फुंकणी खाली ठेवता आणि म्हणता, "कचरा कुठला नि सोनं कुठलं, हे ठरवणारी तू कोण गं? झाडणाऱ्यानं निवडायचं नसतं. सगळं डब्यात." मग मला गटाराशी नेऊन एकेक कपटा उचलायला लावता. समोरचा किराणावाला हसतोय. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

आइंडहोव्हनजवळच्या बेस्ट नावाच्या गावात घर मिळालं तेव्हा फोनवर मी गमतीत विचारलं, भाड्याच्या घराची कसली वास्तुशांती करायची. तुम्ही म्हणालात, "घर भाड्याचं असलं तरी राहणारी माणसं तीच ना? आग्नेयेला गुंजभर सोनं ठेव." आता गुंजभर सोनं मी कुठून आणू? गोळीचा तुकडा पाडायला माझ्याकडे काय हत्यार होतं? मी अख्खी गोळीच लाल फडक्यात बांधली. घरमालक फरशी फोडू देणार नव्हता, म्हणून मागच्या बागेत पुरायची ठरली. आभाळ गच्च भरलेलं, सूर्य दिसेना. स्वयंपाकघर आग्नेयेला असतं हे डोक्यात इतकं पक्कं की मी स्वयंपाकघराच्या दाराजवळचाच कोपरा धरला. आठवड्यानं ऊन पडलं तेव्हा कळलं की ती उत्तर होती. इथे घर बांधणाऱ्याला आपली आग्नेय कोण सांगणार? तुम्हाला फोन करून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "अख्खी पुरलीस होय? असू दे. जाताना आठवणीनं काढून घे." तुम्ही मला सांगितलेलं शेवटचं काम तेच, अण्णा. तीन आठवड्यांत तुम्ही गेलात.

तुमचे दिवस करून आम्ही परत आलो तेव्हा बाग ओळखू येईना. घरात दुःख झालंय म्हणून घरमालकानं आपुलकीनं माळी लावून सगळी माती खणून, खत मिसळून सारखी करून ठेवली होती, वर फुलझाडं लावली होती. मी त्याचे आभार मानले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. पुढच्या वर्षी नवऱ्याला ब्रेडा शहरात नोकरी लागली. शुक्रवारी सकाळी किल्ल्या द्यायच्या होत्या. सोमवारी मी आइंडहोव्हनला जाऊन धातू शोधायचं यंत्र आणलं. नवशिक्यांसाठी, असं खोक्यावर लिहिलेलं, आणि चित्रात एका माणसाच्या तळहातावर सोन्याचा खडा. मला तो तुमचाच हात वाटला. इतकी वेडी झाले होते मी.

यंत्र पावलापावलाला वाजायचं. खिळा, बाटलीचं झाकण, चॉकलेटचा चंदेरी कागद. दिवसभर खणून कंबर धरली, तेव्हा कचऱ्याचा आवाज बंद करायचं बटण मी पार टोकाला फिरवलं. बाग गप्प झाली. मंगळवार, बुधवार त्या शांततेत मी इंच न् इंच फिरले. मिळालं काय, तर युरोच्या आधीचं, गिल्डरचं एक जुनं नाणं. नवरा म्हणाला, "अगं, पुण्याहून दुसरी करून आणू. एवढीशी तर आहे." मी म्हटलं, "तुझा बाप गेल्यावर दुसरा करून आणशील का?" त्याचे वडील तेव्हा आजारी होते. असं बोलायला नको होतं.

गुरुवारी दुपारी शेजारचे डच आजोबा कुंपणाशी आले, यंत्र हातात घेऊन त्यांनी बटण बघितलं आणि इंग्रजीत सावकाश म्हणाले, "बारीक सोनं आणि चॉकलेटचा कागद, दोन्ही याला सारखेच ऐकू येतात. कचरा बंद केलास की सोनंही बंद." मी चिखलात खाली बसले. झाडणाऱ्यानं निवडायचं नसतं. गटाराशी उभी करून तुम्ही हे मला शिकवलं होतं, आणि मी दोन दिवस नेमकं तेच करत होते. बटण शून्यावर आणलं आणि वाजेल ते खणत सुटले. फुलझाडं उपटली. दिवस सरला तरी स्वयंपाकघराजवळचा कोपरा वाजतच होता, तिथली खणलेली माती तपासायची राहिलीच. ती मी तीन बादल्यांत भरली. नवऱ्यानं त्या उचलून गाडीत ठेवल्या.

ब्रेडात आल्यावर दोन बादल्या मी गॅलरीत बसून परातीत धुतल्या, तुम्ही धुवत असाल तशा, हात न झटकता. खिळे निघाले, चंदेरी कागद निघाला. आईनं फोनवर विचारलं, "गोळी काढून घेतलीस ना गं?" मी हो म्हटलं. ती तेच खरं धरून गेली.

तिसरी बादली अजून आहे. घरं बदलली तशी तीही सामानातून आली. झाकण लावून कोठीच्या खोलीत ठेवली आहे, हा कागदही त्याच झाकणाखाली ठेवीन. नवरा आता विचारत नाही. परात घरातच आहे, फार तर दोन तासांचं काम. अण्णा, खरं सांगते, मला ती धुवायची नाही. धुतली नाही तोवर तुमची गोळी तिच्यात आहे.