कॉलेजांच्या मागची नदी

अण्णा,

गेले दोन आठवडे मी तुमच्यावर चिडलेली आहे आणि या चिडण्याचं करायचं काय ते कळत नाही. जिवंत माणसावर चिडलं तर फोन आपटता येतो, आठवडाभर अबोला धरता येतो. तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक कडेवर होती. आता ती कॉलेजला आहे, म्हणजे इकडच्या भाषेत 'युनि'ला, आणि सिडनीहून एका सेमिस्टरसाठी इंग्लंडला गेली आहे. ती निघाली त्या दिवसापासून मी तिच्या मागे लागले होते, एक दिवस काढ आणि ऑक्सफर्डला जाऊन ये. का, ते तुम्हाला सांगायला नको.

चिंचवडच्या कारखान्यांमधली ती आपली मराठी शाळा. तुम्ही इंग्रजीचे सर, आणि सातवीत मी, तुमची मुलगी, तुमच्याच वर्गात. धडा कसलाही असो, तास संपायच्या आत तुम्ही ऑक्सफर्डला पोचायचात. कॉलेजांच्या दगडी इमारती, त्यांच्या मागे उतरत गेलेली हिरवळ, हिरवळीच्या टोकाला संथ नदी, पलीकडच्या काठावर चरणाऱ्या गाई. मग हातातली लांब पट्टी उभी धरून तुम्ही वर्गातल्या फळ्याखालच्या चौथऱ्याच्या अगदी कडेला उभे राहायचात आणि नाव कशी ढकलायची ते दाखवायचात. "नावाडी मागच्या टोकाला फळीवर उभा असतो. तरी पडत नाही! का पडत नाही?" मागच्या बाकावरच्या, बापाबरोबर पहाटे कंपनीच्या गेटवर चहा विकून आलेल्या पोरांनाही ते पाणी दिसायचं. एकदा मी हात वर करून विचारलं, "अण्णा, तुम्ही पाहिलंय ते?" वर्ग हसला. तुम्ही पट्टी टेबलावर ठेवलीत. "वर्गात मी सर आहे. आणि पाहिल्याशिवाय काही कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी शाळेत येण्याचे कष्ट घेऊ नयेत." तास संपेपर्यंत उभी होते मी. संध्याकाळी घरी आईने माझ्या ताटात गुपचूप जास्तीचं तूप वाढलं, आणि तुम्ही पाटावर बसून मला 'मे' आणि 'कॅन'मधला फरक विचारलात.

पुढे मी कॉम्प्युटरकडे वळले, लग्न झालं, नवऱ्याला सिडनीत नोकरी लागली. विमानतळावर सगळे रडत होते आणि तुम्ही म्हणालात, "ऑस्ट्रेलिया. बरं. तिथेही इंग्रजीच बोलतात म्हणे, एक प्रकारचं." नंतर फोनवर माझ्या तोंडून 'नो वरीज' निघालं की तुम्ही विचारायचात, "या वाक्यात कर्ता कुठे आहे?" आयएसडीचं बिल चढत असायचं आणि मी कर्ता शोधत असायचे.

तर दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी लेक ऑक्सफर्डला गेली. बसने, मैत्रिणीबरोबर. इथे सिडनीत, आमच्या टूनगॅबीत, संध्याकाळ झाली होती, थंडी पडायला लागलीय, मी भाकरी थापत होते. व्हिडिओ कॉल आला. मागे ते दगडी कळस, पिवळसर भिंती, आणि पुढे लेक, हातात चिप्सचा पुडा.

"आई, आलेय. हॅपी?"

"आत जा ना गेटच्या."

"एक्झाम्स आहेत, व्हिजिटर्सना बंद आहे. इट्स ओके, बाहेरून मस्त आहे."

"मग मागे जा. कॉलेजांच्या मागे. मागे नदी असते."

ती बिचारी गेली. पिठाचे हात, फोन डब्याला टेकवलेला, आणि मी तिला इकडून वळायला सांगतेय, तिकडून वळायला सांगतेय, जसा काही माझा जन्म तिथे गेलाय. एक गल्ली. एक सायकलींचा अड्डा. आणखी एक गल्ली.

"आई, मागे कचऱ्याचे बिन्स आहेत."

"नीट बघ. हिरवळ असेल. गाई असतील."

"गाई? आई, सिरियसली?"

नवरा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाला, "अगं, पोरीला चिप्स तरी खाऊ दे." मी ऐकलं नाही. शेवटी त्या दोघी मोठा रस्ता उतरून एका पुलावर पोचल्या. खाली नदी होती. नावा होत्या, चपट्या, तुम्ही सांगायचात तशाच. लेकीने फोन खाली वळवला आणि मला दिसला तो नावाडी. नावेच्या आत, तळाशी उभा. वर चढलेली फळी त्याच्यासमोर, पुढच्या टोकाला, रिकामी.

"हा खाली काय उभा राहिलाय? वर उभा राहायला पाहिजे ना, मागे, फळीवर."

तेव्हा ती मैत्रीण स्क्रीनमध्ये आली. लखनौची, गोड मुलगी. "नमस्ते आंटी. आप जो बोल रही हैं ना, कॉलेज के पीछे नदी, गायें, ऊपर खड़े होना, वो सब केंब्रिज है. मैं ईस्टर में गई थी. यहाँ नीचे खड़े होते हैं. इस बात पर दोनों में झगड़ा भी है."

अण्णा, भाकरी करपली.

केंब्रिज! ऑक्सफर्डनंतर दुसरं नाव घ्यायचं तर तेच घ्यायचं असतं, तेवढंही तुम्ही घेतलं नाहीत. लेक खो खो हसत सुटली. "म्हणजे आजोबांनी राँग सिटी शिकवली? सगळ्यांना? ओ माय गॉड, लेजंड!" मला अजिबात हसू येत नव्हतं. किती मुलं तुमच्या हाताखालून गेली. त्यातला एक मेलबर्नला असतो, दर गुरुपौर्णिमेला मला मेसेज करतो की सरांनी आम्हाला चिंचवडमध्ये बसून ऑक्सफर्ड दाखवलं. त्याला मी आता काय सांगू? आणि मी एक तास उभी होते त्याचं काय?

जेवणं उरकली. मग भांडी घासताना एकदम आठवलं. आपल्या स्वयंपाकघराच्या दारावर ते चित्र होतं, कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं पान तुम्ही फ्रेम करून आणलेलं. हिरवळ, नदी, गाई, आणि फळीवर उभा राहिलेला तो माणूस. खालची छापील ओळ फ्रेमवाल्याने कापली असणार, नाहीतर तुम्हीच फ्रेमच्या मापात बसावं म्हणून कापायला लावली असेल. मग त्या पानाला तुम्हाला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं नाव दिलंत आणि जन्मभर त्यावर शंका घेतली नाहीत. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, घर विकताना ते कुठे गेलं आठवत नाही, आणि ऑक्सफर्ड काय, केंब्रिज काय, एवढं काय त्यात. त्याच्याशीही भांडण झालं.

नवरा म्हणाला, "गेलेल्या माणसाशी काय भांडतेस? त्यांच्याकडे काय इंटरनेट होतं?" इंटरनेट नव्हतं, पण शाळेत लायब्ररी होती, अण्णा. तिची किल्ली तुमच्याकडेच असायची. एकदा कपाट उघडून बघितलं असतंत! पण तुम्हाला खात्री होती. तुमच्या त्या खात्रीने जन्मभर माझा जीव नकोसा केला. अजून ऑफिसात मीटिंगमध्ये बोलण्याआधी मी मनात वाक्य दोनदा तपासते. आणि इकडे तुम्ही अख्खं शहर न तपासता वर्षानुवर्षं बोलत राहिलात, घसा न बसता.

गेल्या शनिवारी परत फोन आला. मी काही सांगितलं नव्हतं, उलट पुन्हा त्या विषयाचं नाव काढू नकोस म्हटलं होतं. पण लेक एकटीच ट्रेनने केंब्रिजला गेली होती. पाऊस भुरभुरत होता, केस ओले, नाक लाल. ती हसत नव्हती. फोन तिने हळूहळू फिरवला. कॉलेजं, त्यांच्या मागे उतरत गेलेली हिरवळ, पाणी, आणि फळीवर उभा राहून बांबू ढकलणारा एक मुलगा. पलीकडे खरंच गाई होत्या, भिजत उभ्या.

"आई, ही गॉट एव्हरीथिंग राइट," ती म्हणाली. "फक्त नाव सोडून."

"नावच चुकवलं ना पण," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, कशासाठी कोण जाणे. "शिक्षक होते ते. नाव चुकवून कसं चालेल?"

तिने नाक बाहीला पुसलं. "पण कुणीच कसं सांगितलं नाही त्यांना? तू असतीस तर सांगितलं असतंस?"

"अर्थात," मी म्हणाले. "तोंडावर सांगितलं असतं."

तिला ते पटलं. तिला मी तशीच वाटते, तोंडावर सांगणारी. ती चहा प्यायला निघून गेली, आणि मी हे लिहायला बसले, तुम्हाला एकदा स्पष्ट सुनवायचं म्हणून. इतकं लिहिल्यावर तुमच्यापुरतं खरं सांगून टाकते. तुम्ही आत्ता समोर असतात आणि पुन्हा ते ऑक्सफर्ड सुरू केलं असतंत, तर मी गप्प बसून ऐकलं असतं. हे पत्र टाकायला एखादी पेटी असती, तरी मी ते टाकलं नसतं.