चिमणीचा पांगुळगाडा

प्रिय नेव्हेना,

अक्षर ओळखून पाकीट तसंच केराच्या डब्यात टाकू नकोस, एवढं माझं ऐक. थेसालोनिकीचा तुझा पत्ता मी तुझ्या मावशीशी भांडून मिळवलाय. "तुमचं नाव काढलं की ती उठून जाते," असं म्हातारीने मला सुनावलं आणि वर ल्युतेनित्साची, त्या मिरची-टोमॅटोच्या चटणीची, बरणीही हातात ठेवली. फोन केला असता तर माझा आवाज ऐकताच तू ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र.

कामेन आजारी आहे हे तुझ्या कानावर आलं असेलच. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. आता पापण्याही मिटत नाहीत, अख्ख्या अंगात उजव्या गालाचा एक स्नायू तेवढा त्याचं ऐकतो, आणि तोही इतका हलका हलतो की मी नाकाला नाक लावून बसले तरी मला काही दिसत नाही. गालावर चिकटवलेल्या चकतीला मात्र ते कळायचं. हात चालत होते तोवर त्याने स्वतःच तिचा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता, आणि लिहिला कशात, तर तुम्ही दोघांनी रचलेल्या त्या चिमणी नावाच्या संगणक-भाषेत! मी म्हटलं, "अरे बाबा, जगातल्या बाकीच्या भाषा मेल्या का?" तर म्हणे, "परक्याच्या भाषेत मी बायकोशी भांडणार नाही." दोन वर्षं तो त्या यंत्रातून बोलला. सुपात मीठ नाही, खालचा बोरिस आपली वीज चोरतो, झ्लातका तुझं घोरणं वाढलंय, असं सगळं. गेल्या महिन्यात वीज उसळली आणि ते जुनं यंत्र जळून गेलं. तेव्हापासून या घरात एकटी मीच बोलते आहे. भिंतींनाही माझा कंटाळा आला असेल.

त्याच्या ऑफिसातला इव्हायलो नवं यंत्र घेऊन आला. "वहिनी, काळजी सोडा, सगळं तीन-तीन ठिकाणी जपलेलं आहे," म्हणाला. मी आनंदाने चीज भरून बानित्सा भाजली. संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा उतरला. कामेनचा प्रोग्रॅम सापडला, लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा कंपायलरही सापडला, पण तो नुसता लिहिलेला, आणि लिहिलेला चिमणीतच. त्याला यंत्रावर उभा करायला आधी चिमणीचा चालता कंपायलर हवा, आणि तो त्या जळक्या डबड्यात होता. "मग तो का नाही कोणी जपला?" मी विचारलं. "तो कोण जपतं वहिनी? तो तर कधीही पुन्हा बनवता येतो." दीडशहाणे मेले! दह्याची कृती तीन तिजोऱ्यांत ठेवली आणि विरजणाचा चमचाभर मात्र कोणी ठेवला नाही. इव्हायलो म्हणतो, सगळं दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायचं तर निदान सहा महिने लागतील. आमच्याकडे सहा महिने नाहीत.

तुला तो दिवस आठवतोच, मला ठाऊक आहे. चिमणीत लिहिलेल्या कंपायलरने पहिल्यांदा स्वतःच स्वतःला घडवलं आणि तुम्ही सगळे संस्थेत वेड्यासारखे नाचलात. कामेनने मला गोल पाव भाजायला लावला होता, लेकराने पहिलं पाऊल टाकलं की भाजतात तसा, मध लावून. कल बघायला मुलापुढे कात्री, लेखणी मांडतात तशी त्याने टेबलावर वायर आणि पकड मांडली, पाव जमिनीवरून घरंगळत सोडला आणि ओरडला, "बाळ चाललं! आता पांगुळगाडा मोडा!" आणि सगळ्यांदेखत त्याने तोवर चिमणीला चालवणारा, दुसऱ्या भाषेत लिहिलेला तुझा पहिला कंपायलर पुसून टाकला. त्यातला वाक्यांची फोड करणारा पार्सर तर तू वर्षभर हाताने लिहीत बसली होतीस. सगळे हसले. तूही हसलीस, पण पावाचा तुकडा तुझ्या ताटलीत तसाच राहिला. ताटल्या मी आवरल्या होत्या ना. त्या उन्हाळ्यात तू गाव सोडलंस. माफी मागायची तर त्याने मागायला हवी, आणि गंमत बघ, तीही मागायला त्याला ते यंत्र लागेल.

तू तुझ्या त्या पहिल्या कंपायलरची एक प्रत नेली होतीस का गं? रागाने म्हणून, हट्टाने म्हणून, कशीही? नेली असशील तर तुझे पाय धुऊन पाणी पिईन. नसशील तर निदान सोबतचे कागद बघ. चकतीचा भाग मी छापून घेतलाय. इव्हायलोला ती नुसती अक्षरं दिसतात. ही भाषा येणारी माणसं जगात दोनच. एक इथे मुकी पडली आहे आणि दुसरी तू.

आता खरं सांगते, कारण ते लिहायला इथवर हात धजत नव्हता. कामेनला श्वास पुरेनासा झालाय. गळ्याला भोक पाडून नळी घातली तर तो जगेल, कदाचित पुष्कळ वर्षं, असाच. नाही घातली तर फार दिवस नाहीत. मी पूर्वी विषय काढला की तो यंत्रातून म्हणायचा, "वेळ आली की सांगेन, आत्ता सूप दे." वेळ आली, नेव्हेना. डॉक्टर ताबाकोव्ह रविवारी येतील. "त्यांना सांगता येत नसेल तर बाई, तुम्हीच ठरवा," म्हणाले. मी कसं ठरवू? मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे बघतो, आणि तो मला थांब म्हणतोय की सोड म्हणतोय हे मला कळत नाही. हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. परतीच्या बसने काहीतरी पाठव, किंवा तूच ये. अख्खी चिमणी नको मला. हो आणि नाही, एवढे दोनच शब्द त्याला परत दे. त्याने नाही म्हटलं तर मी ते ऐकेन. पण ते त्याच्याकडून ऐकू दे, माझ्या तोंडून नको.

बसथांब्यावर डोळे लावून बसलेली,
तुझीच,
झ्लातका