धनेश कॅमेऱ्यासमोर काय बोलला

११ जानेवारी, शनिवार

फिल्म तयार झाली म्हणे! हेतलचा फोन आला होता. पंचवीसला आपल्याच गावात दाखवणार, समाजमंदिरात. सासरे सकाळपासून दाढी करून बसलेत, जणू आजच आहे.

गेल्या वर्षी ती परदेशी मंडळी आली तेव्हा त्यांना पोहे मीच करून घातले. जगाचा व्यापार कोणाच्या हातात, असा काहीतरी जबरदस्त विषय. हेतल त्यांची दुभाषी. सासऱ्यांना कंटेनर यार्डाच्या कुंपणाशी उभं केलं आणि मीठ ओढायची जुनी फळी हातात दिली. आमचं मिठागर तिथेच होतं ना. आणि धनेशला ट्रेलर चालवता चालवता बोलतं केलं. खाली उतरला तो छाती काढूनच. "शेठचा सगला सांगून टाकला!" म्हटलं, काय सांगितलंस? तर नुसता हसला.

तेव्हापासून जिवाला घोर आहे. ट्रेलर शेठचाच; त्याने ऐकलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवील. घर चालतं ते या एका नोकरीवर. नवऱ्याची जीभ आवरता आली असती तर!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला सदा आला — मंडळाचा अध्यक्ष — आणि काय बातमी सांगावी? फिल्मच्या दिवशीच्या खुर्च्या शेठ देणार! आणि स्वतः पहिल्या रांगेत बसणार! हातातला लाडू मी परत डब्यात ठेवला.

१८ जानेवारी, शनिवार

धनेशला म्हटलं, पंचवीसला तापाचं निमित्त कर, घरी राहा. भडकला. "मी कशाला लपू? खोटा बोललो काय?" मीही बोलले मग. सासरे मध्ये पडले म्हणून थांबलो.

डबल ट्रिप करून आला होता. न जेवता, पायात बूट तसेच ठेवून आडवा झाला. बूट मी काढले. राग होताच, तरी काढले.

२५ जानेवारी, शनिवार

सुटलो! सुटलो! सुटलो!

धनेश बोललेला एक शब्द फिल्ममध्ये नाही! फक्त त्याचे हात दिसले स्टिअरिंगवर, तेवढेच. मी पदर तोंडात धरून बसले होते, ते हात ओळखले आणि रडूच फुटलं. बाकी सगळं आकाशातून काढलेले कंटेनर, नकाशावर पळणारे बाण, आणि टाय लावलेले लोक इंग्रजीत बोलतायत. खाली मराठी अक्षरं येत होती, पण वाचेपर्यंत पळायची. निम्मं गाव पेंगत होतं.

सासरे पडद्यावर आले तेव्हा मात्र शिट्ट्या! म्हातारा उभा राहून सगळ्यांना सांगतो, "फली उलटी धरलेली हाय, माहीत हाय मना! तो गोरा बोलला अशीच धर, फोटोत बरी दिसते!" हसून हसून पोट दुखलं. शेठसुद्धा हसला. जाताना धनेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हात झळकले रे तुझे!"

धनेश खुर्च्या गोळा करायला निघून गेला. असू दे. नारळ बोलले होते देवाला, उद्या फोडते.

२६ जानेवारी, रविवार

हेतल काल आमच्याकडेच राहिली. सकाळी चुलीपाशी बसून भाकरी खाता खाता म्हणाली, "ताई, दादांचा तो पार्ट कापला ना, मला खूप वाईट वाटलं. मी भांडले पण. डायरेक्टर बोलला, विषय केवढा मोठा आहे, त्यात एका ड्रायव्हरची झोप कुठे बसवायची?"

कसली झोप?

तिला वाटलं मला ठाऊक आहे. मग सांगितलं. डबल ट्रिप म्हणजे मध्ये झोप न देता शेठ सलग दुसरी रात्रही चालवायला लावतो. नाही म्हणाल तर गाडी दुसऱ्याला. आणि एकदा खाडीपुलाच्या उतारावर धनेशचा डोळा लागला. कठड्याला घासल्याच्या आवाजाने जागा झाला.

भाकरी करपली. हेतल बिचारी घाबरून सॉरी सॉरी करत राहिली.

आणि मी काल टाळ्या वाजवत होते.

नारळ फोडला. पण दुसऱ्याच कारणासाठी.

२७ जानेवारी, सोमवार

विचारलं त्याला. परक्यांना सांगितलंस, मला का नाही?

"कॅमेरा रडत न्हाय, कल्पे."

मग बराच वेळ तोच रडला. म्हणाला, नोकरी सोडली तर तुला काय तोंड दाखवू? वर्षभर तू एवढं एकच तर बोलतेयस — नोकरी जाईल, नोकरी जाईल.

खरंय. मीच बोलत होते.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी यार्डातून फोन — आज रात्री परत डबल. फोन मी घेतला. मग खुंटीवरची ट्रेलरची चावी घेतली आणि चालत जाऊन शेठच्या टेबलावर ठेवून आले. पुढे काय, माहीत नाही. धनेश आत झोपलाय, घोरतोय. घोरू दे.